सी लायब्ररीत मेमरी पुसायचं फंक्शन घालताना: कोड दोन ओळींचा, बाकीचं काम त्याच्या भोवतीचं

प्रश्न थोडक्यात असा आहे की एक छोटी सी स्टँडर्ड लायब्ररी आहे, बहुतेक स्टॅटिक लिंक होते (म्हणजे तिचा कोड प्रोग्रामच्याच फाइलमध्ये जातो), जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरनी बिल्ड होते, आणि तिच्यात पासवर्ड, की वगैरे वापरून झाल्यावर मेमरीतून खात्रीने पुसणारं फंक्शन घालायचंय. नाव कुठलं ठेवायचं, व्होलाटाइल पॉइंटर (ज्यातून केलेलं लिहिणं-वाचणं कंपायलरने उडवायचं नसतं) घेऊन लूप फिरवला तर चालेल का, आणि स्टँडर्डमध्ये मेमसेट_एस आहेच तर तेच का नको.

आधी उत्तर देऊन टाकतो मग कारणं. एक्स्प्लिसिट_बीझीरो घाला, सोबत सी२३ या सी स्टँडर्डच्या आवृत्तीतलं मेमसेट_एक्स्प्लिसिट घाला, दोन्हींच्या आत तुमचाच नेहमीचा मेमसेट (मेमरीत एकच व्हॅल्यू भरणारं फंक्शन) कॉल करा आणि त्याच्या लगेच खाली एक रिकामं व्होलाटाइल इनलाइन असेंब्ली (सी कोडमध्येच लिहिलेली प्रोसेसरची भाषा) टाका, ज्याला पॉइंटर इनपुट म्हणून दिलाय आणि क्लॉबरमध्ये, म्हणजे ती काय बदलू शकते त्या यादीत, मेमरी लिहिलंय. मेमसेट_एस घालू नका. झालं, कोड एवढाच. बाकी सगळं हे असंच का आणि यात कुठं पाय घसरतो त्याबद्दल.

मूळ भानगड काय आहे ते एकदा नीट बघू, कारण बरेच जण याला कंपायलरचा बग समजतात आणि मग उपायही चुकीचाच शोधतात. फंक्शनच्या आत लोकल ॲरेमध्ये पासवर्ड घेतला, वापरला, शेवटी मेमसेटने शून्य केला आणि रिटर्न झालो. कंपायलर बघतो की या ॲरेत आता लिहिलेलं पुढे कोणीच वाचत नाही, ॲरेचं आयुष्यच संपतंय, मग हे लिहिणं कशाला? काढून टाकतो. याला डेड स्टोअर एलिमिनेशन म्हणतात. फ्रीच्या (मेमरी परत देणाऱ्या फंक्शनच्या) आधी केलेल्या मेमसेटचंही तेच होतं, कारण फ्री झालेल्या मेमरीत काय होतं ते वाचायचा अधिकार कुठल्याच वैध प्रोग्रामला नाही, म्हणून तेही लिहिणं फुकट गेलं असं ऑप्टिमायझर धरतो. आणि स्टँडर्डनुसार तो बरोबर आहे! सी स्टँडर्ड एका काल्पनिक मशीनबद्दल बोलतं आणि म्हणतं की प्रोग्रामचं बाहेरून दिसणारं वागणं तेच राहिलं तर आत काय वाटेल ते करा. "मेमरीत काय उरलं" हे त्या बाहेरून दिसणाऱ्या वागण्यात मोजलंच जात नाही. जीसीसीच्या बगझिलात (बग नोंदवायच्या यादीत) २००२ सालीच कोणीतरी याची तक्रार नोंदवलीय, ८५३७ नंबरचा बग, की ऑप्टिमायझर सुरक्षेसाठी लागणारा कोड उडवतो. सॉफ्टवेअरमधल्या कमकुवतपणांच्या सीडब्ल्यूई यादीत तर याला सीडब्ल्यूई-१४ असा स्वतःचा क्रमांक देऊन ठेवलाय. म्हणजे प्रॉब्लेम जुना आहे, माहितीचा आहे, आणि कंपायलर त्यावर काही करणार नाहीये, लायब्ररीलाच करावं लागतं.

आणि हे फक्त कागदावरचं भय नाही. ओपनएसएसएल या एनक्रिप्शन लायब्ररीतल्या २०१४ च्या हार्टब्लीड बगमध्ये समोरच्याला एका रिक्वेस्टमागे ६४ केबीपर्यंत मेमरी वाचता येत होती, त्या मेमरीत जे काही जुनं पडलेलं असेल ते. जे पुसलं गेलं होतं ते अर्थातच मिळालं नाही. पुसण्याचा फायदा एवढाच, बग थांबत नाही पण बगमधून बाहेर जाणारा माल कमी होतो.

आता लूपचं. व्होलाटाइल कॅरेक्टर पॉइंटर घेऊन एकेक बाइट शून्य करणं हा सगळ्यांना सुचणारा पहिला उपाय, आणि खरं सांगायचं तर आजच्या जीसीसी-क्लँगवर तो चालतो. पण दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे स्टँडर्डची जुनी भाषा व्होलाटाइल ऑब्जेक्टबद्दल बोलत होती, आणि इथं ऑब्जेक्ट साधाच आहे, फक्त आपण त्याच्याकडे व्होलाटाइल पॉइंटरमधून बघतोय. त्यावर बरीच वर्षं वाद चालला की अशा ॲक्सेसला व्होलाटाइलची हमी लागू होते का नाही. प्रत्यक्षात कंपायलर पाळतात, पण हमी आणि सवय यात फरक आहे. दुसरी गोष्ट वेग. व्होलाटाइलमुळे एकेक बाइटचा स्टोअर तसाच राहतो, व्हेक्टर इन्स्ट्रक्शन लागत नाहीत. ३२ बाइटच्या कीला काही फरक पडत नाही पण कोणी मेगाबाइटभर बफर पुसायला घेतला की जाणवतं, आणि मग लोक काय करतात, तर तुमचं फंक्शन सोडून परत मेमसेटकडे जातात. लायब्ररीत असली गोष्ट संथ ठेवणं म्हणजे ती न वापरण्याचं आमंत्रण. म्हणून तुमच्याकडे आर्किटेक्चरप्रमाणे हाताने लिहिलेला जो मेमसेट आहे तोच वापरा, त्याच्यावर घेतलेली मेहनत फुकट का घालवायची.

दुसरी जुनी युक्ती म्हणजे मेमसेटचा पत्ता व्होलाटाइल फंक्शन पॉइंटरमध्ये ठेवायचा आणि त्यातून कॉल करायचा. ओपनएसएसएलच्या क्लीन्स फंक्शनचं सी व्हर्जन असंच आहे. कंपायलरला पॉइंटर कशाकडे बोट दाखवतोय ते आधी ठरवता येत नाही, त्यामुळे कॉल उडवता येत नाही. चालतं. फक्त लायब्ररीत कायमचा एक लिहिता येणारा फंक्शन पॉइंटर सोडणं मला आवडत नाही, हल्लेखोराला असल्या जागा हव्याच असतात. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने अजून वेगळं केलंय, मेमसेट कॉल करायचा आणि मग एका वीक सिम्बॉलच्या रिकाम्या फंक्शनला तोच बफर द्यायचा. वीक असल्यामुळे लिंक करताना दुसरं कोणी ते बदलू शकतं, म्हणून कंपायलरला गृहीत धरता येत नाही की ते बफर वाचणार नाही. इनलाइन असेंब्ली न वापरता काम होतं हा त्याचा मोठा गुण, आणि तुम्हाला असेंब्ली न समजणारा एखादा कंपायलर सपोर्ट करायचा असेल तर हाच रस्ता घ्या.

पण जीसीसी आणि क्लँग दोनच असतील तर असेंब्ली बॅरिअर (सुरुवातीला सांगितलेली रिकामी असेंब्ली) सगळ्यात सरळ. इथं मात्र थांबून नीट वाचा कारण खरा पेच इथंच आहे.

जीलिबसीमध्ये (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत) एक्स्प्लिसिट_बीझीरो २.२५ मध्ये आलं, २०१७ च्या फेब्रुवारीत, आणि त्यातला कोड म्हणजे मेमसेट आणि खाली रिकामं असेंब्ली ज्याच्या क्लॉबरमध्ये फक्त मेमरी लिहिलंय, पॉइंटर दिलेला नाही. मसल या दुसऱ्या सी लायब्ररीत १.१.२० ला, म्हणजे २०१८ ला आलं, त्यात मात्र पॉइंटर रजिस्टर इनपुट म्हणून असेंब्लीला दिलाय. वरवर बघता दोन्ही सारखेच दिसतात आणि लोक कुठलाही एक कॉपी करतात. फरक हा आहे की मेमरी क्लॉबरचा अर्थ "सगळी मेमरी" असा नसतो. त्याचा अर्थ, ही असेंब्ली ज्या मेमरीपर्यंत पोचू शकते ती तिने वाचली किंवा बदलली असं समज. ज्या लोकल ॲरेचा पत्ता फंक्शनच्या बाहेर कधी गेलाच नाही त्या ॲरेपर्यंत असेंब्ली पोचणार कुठून? कंपायलर म्हणतो, पोचू शकत नाही, मग तो मेमसेट अजूनही डेड आहे, काढला.

जीलिबसीला हे का चालतं, तर तिथं फंक्शन वेगळ्या शेअर्ड लायब्ररीत बसलंय, कॉल करणाऱ्याचा कोड कंपाइल होताना आत काय आहे ते दिसतच नाही, आणि आत कंपाइल होताना पॉइंटर पॅरामीटर म्हणून बाहेरून आलाय म्हणजे तो कशाकडेही बोट दाखवू शकतो. दोन्ही बाजूंनी कंपायलर आंधळा. तुमचं तसं नाही. तुम्ही स्टॅटिक लिंक करता, उद्या कोणीतरी लायब्ररीच एलटीओने (लिंक करताना सगळ्या फाइल एकत्र बघून ऑप्टिमाइझ करण्याच्या सोयीने) बिल्ड करेल, फंक्शन कॉलरच्या आत इनलाइन होईल, म्हणजे त्याचा कोडच तिथं भरला जाईल, आणि आता कंपायलरला एकाच वेळी लोकल ॲरे, त्यावरचा मेमसेट आणि पॉइंटर न घेणारी असेंब्ली तिन्ही दिसतात. गेला मेमसेट. पॉइंटर इनपुट दिलात की पत्ता असेंब्लीच्या हातात जातो, क्लॉबरमुळे ती त्या पत्त्यावरचं वाचतेय असं धरावं लागतं, आणि लिहिणं टिकतं. लिनक्स कर्नलमध्ये मेमझीरो_एक्स्प्लिसिट २०१४ ला आलं आणि पुढच्याच वर्षी त्याचं आतलं बॅरिअर बदलून पॉइंटर घेणारं करावं लागलं ते याच कारणाने. तेव्हा कॉपी करायचीच तर मसलची करा.

नोइनलाइन ॲट्रिब्यूट लावून हे सुटतं असं कोणी सांगेल, एकट्या त्याच्यावर विसंबू नका. इनलाइन न करताही कंपायलर दुसऱ्या फंक्शनच्या आत डोकावून ते काय वाचतं, काय लिहितं याचा सारांश काढतो आणि त्यावरून निर्णय घेतो. व्होलाटाइल असेंब्ली आत असली की तो सारांश आपोआप "काय करेल सांगता येत नाही" असा होतो, म्हणून खरी ताकद तिथं आहे. वेगळ्या फाइलमध्ये ठेवा हे मात्र जरूर, हेडरमध्ये इनलाइन म्हणून टाकू नका, काही मिळत नाही आणि डिबग करताना सिम्बॉल सापडत नाही.

प्रोसेसरचं फेन्स (मेमरीचे व्यवहार क्रमाने पूर्ण करायला लावणारी इन्स्ट्रक्शन) लागतं का असंही विचारतात. नाही लागत. आपण कंपायलरला अडवतोय, प्रोसेसरला नाही. शून्य अजून कॅशमध्ये आहे आणि रॅममध्ये पोचलं नाही या गोष्टीने त्याच मशीनवरच्या कुठल्याही वाचणाऱ्याला जुना डेटा मिळत नाही, कॅश कोहेरन्स ते बघते.

नावाकडे येऊ. मेमसेट_एस सी११ च्या ॲनेक्स के मध्ये आहे, तो भागच ऐच्छिक. तिथं लिहिलंय की ही लिहिण्याची क्रिया काढून टाकता येणार नाही, म्हणजे कामाची ओळ आहे. पण त्या ओळीबरोबर पूर्ण वऱ्हाड येतं. हेडर घ्यायच्या आधी एक मॅक्रो डिफाइन करावा लागतो, साइज दोनदा द्यावा लागतो, साइजला वरची मर्यादा आहे, आणि चुकलं तर एक कन्स्ट्रेंट हँडलर कॉल होतो जो पूर्ण प्रोसेससाठी एकच असतो, मग थ्रेड आणि वेगवेगळ्या लायब्ररी एकमेकांचे हँडलर बदलत बसणार. सी कमिटीसमोर २०१५ मध्ये ॲनेक्स के वापरण्याच्या अनुभवावर एक पेपर आला होता, त्यात तो भाग काढून टाका किंवा नापसंत ठरवा असं सुचवलं होतं. जीलिबसीने तो कधी घेतला नाही, मसलनेही नाही. मॅकओएसमध्ये मेमसेट_एस आहे, पण लिनक्सवर ते गृहीत धरून कोणी कोड लिहीत नाही. मायक्रोसॉफ्टकडे सिक्युअरझीरोमेमरी आहे. एका फंक्शनसाठी एवढा संसार तुमच्या छोट्या लायब्ररीत आणायचं काही कारण नाही, आणि फक्त तेवढं एकच फंक्शन आणून बाकीचा ॲनेक्स सोडलात तर मॅक्रो बघून निर्णय घेणारे प्रोग्राम गोंधळतात.

एक्स्प्लिसिट_बीझीरोचं बरं आहे. ओपनबीएसडी ५.५ पासून, म्हणजे २०१४ पासून आहे, फ्रीबीएसडीने घेतलं, मग जीलिबसी, मग मसल. ओपनएसएसएचसारखे (रिमोट लॉगिनचे) प्रोग्राम हेच नाव शोधतात. आणि आर्ग्युमेंट दोनच आहेत, पॉइंटर आणि लांबी. मेमसेटमध्ये व्हॅल्यू आणि लांबी उलटी दिली तर लांबी शून्य होते आणि काहीच पुसलं जात नाही, प्रोग्राम मजेत चालतो, टेस्ट पास होतात. ही चूक इतकी होते की कंपायलरमध्ये तिच्यासाठी वेगळी वॉर्निंग आहे. पुसायच्या फंक्शनमध्ये ती चूक करायची सोयच नसणं हा माझ्या मते या नावाचा सगळ्यात मोठा फायदा.

मेमसेट_एक्स्प्लिसिट हे सी२३ ने दिलेलं नाव, ते स्टँडर्ड अधिकृतपणे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये छापलं गेलं. आर्ग्युमेंट मेमसेटसारखीच तीन, रिटर्नही पॉइंटर. म्हणजे उलटापालट करायची सोय परत आली, पण स्टँडर्डमध्ये आहे म्हणजे पुढे पोर्टेबल कोड तेच वापरणार, द्यायलाच पाहिजे. कोड एकच ठेवा, एकातून दुसरं कॉल करा.

नेमस्पेसचा एक बारीक मुद्दा, जो पॅच रिव्ह्यूमध्ये हमखास निघतो. स्ट्रिंग हेडरमध्ये मेम ने सुरू होऊन पुढे लहान अक्षर असलेली नावं स्टँडर्डने आधीपासून लायब्ररीसाठी राखून ठेवलीत, म्हणून मेमसेट_एक्स्प्लिसिट घातल्याने कोणाचं नाव चोरलं असं होत नाही. एक्स्प्लिसिट_बीझीरो मात्र राखीव नाही. कोणीही स्वतःच्या प्रोग्राममध्ये त्या नावाचं फंक्शन लिहू शकतो, आणि लिहिलेलं असतंच, कारण वर्षानुवर्षं लोकांनी "लायब्ररीत नसेल तर हे घ्या" म्हणून आपलं आपलं व्हर्जन ठेवलंय. म्हणून कडक आयएसओ मोडमध्ये त्याची घोषणा लपवा, डीफॉल्ट किंवा बीएसडी फीचर मॅक्रो असेल तेव्हाच दाखवा. आणि तरीही काही प्रोग्राम फुटतील, ज्यांनी ते स्टॅटिक म्हणून लिहिलंय ते, कारण हेडरमधली एक्स्टर्न घोषणा आधी आणि खाली स्टॅटिक व्याख्या, कंपायलर एरर देणार. त्याला इलाज नाही, रिलीज नोटमध्ये एक ओळ टाका.

याच्याशीच जोडलेलं म्हणजे लायब्ररीच्या आतून तुम्ही जिथं जिथं हे वापराल तिथं सार्वजनिक नावाने कॉल करू नका. स्टॅटिक लिंकमध्ये युजरने त्याच नावाचं स्वतःचं फंक्शन दिलं असेल तर तुमचा क्रिप्टचा (पासवर्ड हॅश करणारा) कोड त्याच्या फंक्शनकडे जाईल, आणि ते काय करतं देव जाणे. आत दोन अंडरस्कोरचं लपवलेलं नाव ठेवा आणि बाहेरचं त्याचं वीक अलायस करा.

नल पॉइंटर आणि शून्य लांबी. क्लीनअपच्या वाटेवर लोक विचार न करता पुसायला पाठवतात, बफर अजून ॲलोकेटच झालेला नसतो, पॉइंटर नल, लांबी शून्य. सी२३ पर्यंत मेमसेटला नल देणं लांबी शून्य असली तरी अनडिफाइन्ड (म्हणजे काय होईल ते स्टँडर्डने ठरवलेलंच नाही), आणि कंपायलर याचा फायदा घेतो, मेमसेटला दिला म्हणजे हा पॉइंटर नल नसणारच असं धरून पुढचा नलचा चेक उडवतो. पुढच्या स्टँडर्डच्या मसुद्यात शून्य लांबीला नल चालेल असं मान्य झालंय. तुमच्या फंक्शनच्या घोषणेवर नॉननल ॲट्रिब्यूट लावू नका आणि आत लांबी शून्य असेल तर सरळ परत फिरा. एका तुलनेची किंमत आहे. जीलिबसीने नॉननल लावलंय, मला ते पुसायच्या फंक्शनसाठी पटत नाही, पण हा आवडीचा भाग.

लांबीवरून आठवलं, सगळ्यात जास्त दिसणारी चूक लायब्ररीच्या बाहेर होते. फंक्शनला ३२ बाइटची की पॉइंटर म्हणून मिळते आणि माणूस साइजऑफ की लिहितो, ६४ बिटवर आठ बाइट पुसले जातात, उरलेले २४ तसेच. मेमसेटसाठी कंपायलर याची वॉर्निंग देतो कारण तो मेमसेटला ओळखतो, तुमच्या नव्या फंक्शनला ओळखेलच असं नाही. फोर्टिफाय (बफरच्या साइजचा चेक लावणारी सोय) सपोर्ट असेल तर चेक करणारं व्हर्जन द्या, पण तेही फक्त बफरच्या बाहेर लिहिणं पकडतं, कमी लिहिणं नाही.

आता टेस्ट. इथं लोक कंटाळा करतात आणि "डिसअसेंबल करून बघितलं, कॉल आहे" म्हणून सोडून देतात. ते बघा पण तेवढ्यावर थांबू नका, उद्याच्या कंपायलरवर कोण बघणार आहे. अडचण अशी की फंक्शन रिटर्न झाल्यावर त्याच्या स्टॅकमध्ये काय उरलं हे वाचणं हेच मुळात अनडिफाइन्ड, शिवाय वाचायला जो कोड चालतो तोच तिथलं काही पुसून टाकतो. यावर छान उपाय जीलिबसीच्या टेस्टमध्ये आहे, तपासायचं फंक्शन वेगळ्या स्टॅकवर चालवायचं. मेककॉन्टेक्स्ट आणि स्वॅपकॉन्टेक्स्ट वापरून एका आपणच ॲलोकेट केलेल्या ब्लॉकला स्टॅक म्हणून द्यायचं, त्यावर बफर भरायचा, पुसायचा, आणि परत मुख्य स्टॅकवर येऊन त्या ब्लॉकमध्ये पॅटर्न शोधायचा. ब्लॉक आपलाच, त्यामुळे वाचायला कोणाची हरकत नाही आणि शोधणारा कोड दुसऱ्या स्टॅकवर असल्याने पुरावा नष्ट होत नाही. तुमच्या लायब्ररीत कॉन्टेक्स्टची फंक्शन नसतील तर थ्रेडला स्वतःचा स्टॅक देऊन, थ्रेड संपल्यावर तो ब्लॉक तपासा.

यात न पुसणारा एक प्रकारही चालवाच, आणि त्यात पॅटर्न सापडलाच पाहिजे असं तपासा. नाहीतर तुमचा शोधच बिघडलेला असेल आणि टेस्ट कायम हिरवी दिसेल. साध्या मेमसेटचा तिसरा प्रकार चालवून निकाल फक्त लॉगमध्ये लिहा, त्यावर पास-फेल ठरवू नका, कारण ते ऑप्टिमायझरच्या मर्जीवर आहे. पण लॉगमध्ये "साधा मेमसेट उडाला, एक्स्प्लिसिट टिकला" असं दिसलं की तुमची टेस्ट खरंच काहीतरी मोजतेय याची खात्री पटते. हे सगळं एलटीओ लावून आणि न लावता, दोन्ही कंपायलरवर, निदान ओ० आणि ओ२ या ऑप्टिमायझेशनच्या पातळ्यांना. आणि एलटीओचं बिल्ड सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या बिल्ड-टेस्टमध्ये) नसेल तर वर ज्या पेचाबद्दल एवढं लिहिलं तो पकडलाच जाणार नाही.

शेवटचा मोठा भाग डॉक्युमेंटेशनचा, कारण हे फंक्शन जेवढं वचन देतं त्यापेक्षा लोक बरंच जास्त ऐकतात. ते फक्त एवढंच सांगतं की या पत्त्यापासून एवढे बाइट नक्की लिहिले जातील. त्या डेटाच्या बाकीच्या प्रतींबद्दल ते काही बोलत नाही. आणि प्रती असतात. रजिस्टरमध्ये असतात, रजिस्टर कमी पडल्यावर कंपायलरने स्टॅकवर टाकलेल्या असतात, स्ट्रक्चर व्हॅल्यूने पास केलं की त्याची प्रत, रिअ‍ॅलोकने बफर हलवला की जुन्या जागी पूर्ण प्रत जी कोणी पुसत नाही. जीलिबसीच्या मॅन्युअलमध्ये तर एक मजेशीर उदाहरण दिलंय की एखादी की फक्त रजिस्टरमध्येच राहिली असती, पण पुसायच्या फंक्शनला तिचा पत्ता द्यावा लागतो म्हणून कंपायलर तिला मेमरीत आणून ठेवतो, मग पुसतो मेमरीतली, आणि रजिस्टरमधली तशीच राहते. पुसायला गेलो आणि एक प्रत वाढवली!

याचा खरा नमुना म्हणजे ओपनएसएसएच क्लायंटमधला २०१६ ला उघड झालेला रोमिंगचा बग, ज्यात दुष्ट सर्व्हरला क्लायंटची मेमरी वाचता येत होती. प्रायव्हेट की वाचणारा कोड स्वतःचे बफर पुसत होता, पण फाइल एसटीडीआयओमधून (सी लायब्ररीच्या, बफर ठेवणाऱ्या फाइल फंक्शनमधून) वाचल्यामुळे त्याच्या आतल्या बफरमध्ये कीची प्रत उरायची, जी फाइल बंद केल्यावर न पुसता फ्री व्हायची. हे तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे कारण तो बफर लायब्ररीचा आहे, म्हणजे तुमचा. सगळ्याच फाइलचे बफर बंद करताना पुसा असं मी म्हणणार नाही, पण डॉक्युमेंटमध्ये लिहा की की वाचायची असेल तर थेट रीड वापरा.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाजूच्या प्रती वेगळ्या. स्वॅपला गेलेलं पान, कोअर डंप, फोर्क झाल्यावर मुलाकडे गेलेली प्रत. त्यासाठी एमलॉक (पान स्वॅपला जाऊ न देणारं) आहे, लिनक्सवर एमॲडव्हाइजचे डंप टाळायचे आणि फोर्कवर पुसायचे पर्याय आहेत, ते डॉक्युमेंटमध्ये "हेही बघा" म्हणून द्या, तुमच्या फंक्शनमध्ये कोंबू नका. रजिस्टरसाठी जीसीसी ११ पासून फंक्शन रिटर्न होताना वापरलेली रजिस्टर शून्य करायचा पर्याय आहे, जीसीसी १४ मध्ये स्टॅक घासून काढायचं स्ट्रब नावाचं ॲट्रिब्यूट आलं. ही कामं कंपायलरचीच आहेत, लायब्ररी बाहेरून करू शकत नाही, कारण कुठल्या प्रती कुठं केल्या ते फक्त कंपायलरला माहीत असतं.

पॅच तीन तुकड्यांत पाठवा. पहिल्यात फंक्शन, हेडर आणि टेस्ट. दुसऱ्यात लायब्ररीच्या आतले वापर, तिथं क्रिप्टचे हॅश कॉन्टेक्स्ट आणि मधले बफर आधी घ्या, जीलिबसीनेही आतला वापर तिथंच केला होता, आणि रँडम नंबरचं स्टेट असेल तर तेही. गेटपास (पासवर्ड विचारणारं फंक्शन) असेल तर त्याला हात लावू नका, तो स्टॅटिक बफर परत देतो आणि तो पुसायचं काम कॉल करणाऱ्याचं, ते मॅन पेजमध्ये लिहिलं की पुरे. तिसऱ्यात डॉक्युमेंटेशन, आणि त्यात "सुरक्षित" हा शब्द टाळा, "लिहिणं ऑप्टिमायझर काढणार नाही" असं सरळ लिहा. रिव्ह्यूमध्ये नावावरून भांडण होईल ते पहिल्या पॅचवरच होऊ द्या, बाकीचे दोन तोवर थांबवून ठेवा.